गिअरचा दांडा आणि डावा हात

पावसाळा सरता सरता एका शनिवारी संध्याकाळी आमच्या फाटकाशी दोन्ही बाजूंस जोडचाके लावलेली एक स्कूटर येऊन थांबली आणि तिच्यावरून आमचा एक जुना विद्यार्थी कुबड्या सावरीत उतरला. बालपणीच पोलिओने त्याच्या दोन्ही पायांतील शक्ती हिरावून नेली. शाळेत तो नेहमी पहिल्या बाकावर बसे. हुशारीमुळे नव्हे, मागच्या बाकापर्यंत जाणे जड जाई म्हणून, असे तो स्वतःच हसत सांगतो. आज तो बैहरला एका कार्यालयात हिशेब पाहतो. आठवडाभर तेथे राहावयाचे, शनिवारी बसने बालाघाटला आईवडिलांकडे यावयाचे आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत जावयाचे, असा त्याचा क्रम आहे. बसच्या पायऱ्या उंच. कंडक्टर निवांत असला तर हात देतो, घाईत असला तर काखेत धरून उचलून आत ठेवतो. "सर, सामानासारखं चढवतात," एवढेच तो म्हणाला आणि त्याने विषय बदलला.

नवा विषय मोटारीचा होता. दहा वर्षे साठवलेल्या पैशांतून मोटार घ्यायची, तिला हाताने चालवण्याचे दांडे बसवून घ्यायचे आणि आपला घाट आपण चढायचा, असे त्याने मनाशी ठरविले होते. "ऑटोमॅटिकच घ्यावी लागणार, सर. दोन गाड्या पाहून ठेवल्यात. एक जुनी आहे, तिच्यात गिअरचा साधा दांडा आहे. दुसरी नवी, तिच्यात नुसती एक फिरती चकती आहे, सगळं इलेक्ट्रॉनिक. कोणती घेऊ?"

आम्ही मराठीचे माणूस. यंत्राशी आमचा संबंध शाळेच्या घंटेपलीकडे फारसा आला नाही. आम्ही तसे म्हटलेही. त्यावर तो म्हणाला, "ज्यांना कळतं ते सगळे विकणारे आहेत." हे उत्तर बिनतोड होते. आम्ही एक महिन्याची मुदत मागून घेतली, आणि त्या महिन्यात बालाघाट व गोंदियाच्या मिस्त्रींच्या पायऱ्या झिजवून व पुस्तके उघडून जे हाती लागले ते येथे मांडतो. आपल्या घरांतूनही असा प्रश्न कोणा आप्तापुढे उभा असेल.

आरंभ त्याच्या स्कूटरपासूनच करावा लागेल. गिअर नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर आपल्या देशात रुळविली ती कायनेटिक होंडाने. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक इंजिनिअरिंग आणि जपानची होंडा कंपनी यांनी १९८४ साली भागीदारी केली आणि कारखाना काढला तो आपल्याच मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातील पीथमपूरला. त्या काळी स्कूटर म्हणजे डाव्या मुठीत क्लच व गिअर आणि उजव्या पायाशी किक व ब्रेक. ज्याचा पाय चालत नाही त्याला ती निरुपयोगीच. कायनेटिक होंडाने किक मारण्याचे संकट दूर केले, गिअर नाहीसे केले आणि दोन्ही ब्रेक हातात दिले. मग गावोगावच्या कारागिरांनी तिला बाजूची दोन चाके जोडली, आणि जी माणसे घराच्या ओट्यावर बसून असत ती बाजारात दिसू लागली. यात संगणकाचा मागमूसही नव्हता. इंजिनाच्या टोकाला दोन तबकड्यांची एक कप्पी, तिच्या पाठीशी गोल वजने. इंजिनाचा वेग वाढला की गोफणीतल्या धोंड्याप्रमाणे वजने बाहेर फेकली जातात, तबकड्या परस्परांजवळ सरकतात आणि मधला रबरी पट्टा वर चढतो; मागच्या कप्पीवर स्प्रिंगने दाबून धरलेल्या तबकड्या त्याच वेळी विलग होतात आणि पट्टा खाली उतरतो. गिअर बदलला. कोणी बदलला? फिरत्या वजनाने. आजच्या गिअरविरहित स्कूटरी याच तत्त्वावर चालतात.

सबब 'ऑटोमॅटिक म्हणजे इलेक्ट्रॉनिक' हा समज आधी काढून टाकावा. विद्यार्थ्याच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, हे आमच्या ध्यानात यायला आठवडा लागला. पहिला प्रश्न असा की, गाडी चालत असता पहिल्या गिअरातून दुसऱ्यात केव्हा जावयाचे हे कोणी ठरवावयाचे? दुसरा असा की, पुढे जावयाचे, मागे यावयाचे की उभे राहावयाचे ही चालकाची इच्छा गिअरपेटीपर्यंत कशी पोहोचवावयाची?

पहिल्याचे उत्तर दीर्घकाळ तेलाने दिले. अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने १९४०च्या गाड्यांत हायड्रामॅटिक नावाची गिअरपेटी दिली. मोठ्या प्रमाणावर खपलेली ती पहिली पूर्ण स्वयंचलित पेटी. तिच्यात व तिच्या वंशजांत फिरत्या वजनांचा गव्हर्नर असे, म्हणजे आपल्या स्कूटरीतील वजनांचा थोरला भाऊच. गाडीचा वेग जितका अधिक तितका तो तेलाचा दाब वाढवी. उलट बाजूने ॲक्सिलरेटरच्या दाबाचे तेल झडपेला रेटा देई. या दोघांत ज्याची सरशी होई त्याप्रमाणे गिअर बदले. पुढे गव्हर्नरची जागा वेग मोजणाऱ्या उपकरणांनी, आणि तेलाच्या रेटारेटीची जागा विजेने उघडझाप करणाऱ्या झडपांनी घेतली. संगणक हुकूम देतो, झडप उघडते.

अमेरिकेत जुन्या मोटारी विकत घेऊन त्या आपल्या आवडीप्रमाणे नव्याने घडविणाऱ्या हौशी मंडळींत या दोन पंथांचा वाद अजून मिटलेला नाही. जुन्या तेलाच्या पेट्यांना बाहेरची वीज किंवा संगणक लागत नाही, हे त्यांचे बलस्थान. पण १९८२च्या सुमारास जनरल मोटर्सने आणलेल्या ७०० आर ४ या पेटीत ॲक्सिलरेटरपासून येणारी एक केबल असे. ती थोडी ढिली राहिली तर आतला दाब अपुरा पडून क्लचच्या चकत्या घसरत व जळून जात. एका केबलच्या ढिलाईने अख्खी पेटी निकामी! तिच्याच वंशातील पुढच्या इलेक्ट्रॉनिक पेटीला ही केबल नको, मात्र जुन्या गाडीत ती बसवायची तर स्वतंत्र संगणक व तारांचे जुडगे आले. हा वाद हौशीचा आहे. एखाद्या रविवारी गाडी सुरू झाली नाही तरी त्यांचे फारसे अडत नाही. आमच्या विद्यार्थ्याचे सोमवारी अडणार होते.

त्याच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक निकडीचा, आणि तेथे आम्हांला आमचीच जुनी आठवण उपयोगी पडली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी पुष्कळांच्या स्मरणात असेल. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही निघून गेली. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला असे. ज्येष्ठ आप्ताच्या लग्नाला आम्ही अशाच एका गाडीतून नागपुरास जात असता गाडी दोन गिअरांच्या मध्ये कोठेतरी अडकली. पुढे जाईना, मागे जाईना. चालक शांतपणे उतरला, बॉनेट उघडले, आतील सळई हाताने ओढून जागेवर आणली आणि पुन्हा येऊन बसला. झिजलेल्या सांध्यांचा हा दोष त्या गाड्यांत नित्याचा. यांत्रिक जोडणीचे गुण व अवगुण दोन्ही या एका प्रसंगात आहेत. ती झिजते, ढिली होते, अडकते. पण डोळ्यांना दिसते आणि हाताला सापडते. मात्र आमचा विद्यार्थी खाली उतरून बॉनेट उघडू शकत नाही, ही गोष्ट आम्ही विसरून चालणार नव्हते.

स्वयंचलित गाडीतील साध्या दांड्याखाली अशीच एक केबल असते. दांडा सरकविला की ती गिअरपेटीतील झडप सरकवते. दांडा सर्वांत पुढच्या खाचेत, म्हणजे 'पी' या अक्षरावर नेला की पेटीच्या आत एक पोलादी खिटी दंतचक्रात जाऊन अडकते आणि चाके बांधली जातात. गंमत अशी की, आत गिअर बदलण्याचा निर्णय संगणक घेत असला तरी कित्येक गाड्यांत चालकाचा हुकूम मात्र या केबलनेच जातो. विद्यार्थ्याने पाहिलेली जुनी गाडी या मिश्र जातीची होती. केबल पूर्णपणे काढून टाकून तेथे नुसती विजेची तार आणली म्हणजे दांडा हा दांडा राहत नाही, तो दिव्याच्या बटणाचा भाऊ होतो. २००१ साली बी.एम.डब्ल्यू.च्या मोठ्या गाडीत आणि २००३ साली टोयोटाच्या प्रियसमध्ये अशी व्यवस्था आली. मग त्याला कोणताही आकार देता येतो: बटणे, चकती, बोटभर लांबीची काडी.

आकाराची ही मोकळीक माणसाला मानवते काय? क्रायस्लरने १९५६च्या गाड्यांत गिअरसाठी बटणे दिली. त्यांच्या मागे केबलच होती, ती बटणे बरीच वर्षे चालली व १९६४नंतर गेली. फोर्डने १९५८च्या एड्सेल गाडीत मात्र बटणे थेट स्टिअरिंगच्या मधोमध बसविली आणि गिअर बदलण्याचे काम एका विजेच्या मोटरवर सोपविले. भोंगा वाजवू पाहणाऱ्याचा हात गिअरच्या बटणांवर पडे. त्याहून वाईट म्हणजे, चढावर उभ्या केलेल्या गाडीचा सारा भार पार्किंगच्या खिटीवर आला की ती खिटी ओढून काढण्याची ताकद त्या मोटरला पुरत नसे. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे अमेरिका नव्हती, गांगुलपाऱ्याच्या पुढचा घाट होता.

अलीकडचे उदाहरण याहून गंभीर आहे. क्रायस्लरच्याच वारसदार कंपनीने आपल्या काही गाड्यांत असा इलेक्ट्रॉनिक दांडा दिला की तो पुढे वा मागे ढकलला तरी हात सोडताच पुन्हा मध्यावर येऊन उभा राही. कोणता गिअर पडला आहे ते केवळ दिव्यावरून कळे. गाडी 'पी'वर टाकली अशा समजुतीने लोक उतरत आणि गाडी मागे सरके. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने जगभरातील सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. त्याच वर्षी जूनमध्ये लॉस एंजेलिसला अँटन येल्चिन हा सत्तावीस वर्षांचा चित्रपट अभिनेता आपल्याच घराच्या उतरत्या वाटेवर स्वतःच्या गाडीखाली सापडून मरण पावला. त्याची गाडी परत बोलाविलेल्यांपैकीच होती.

हे वाचून आम्ही केबलच्या बाजूने निकाल देणार होतो. गोंदियाच्या एका वयस्क मिस्त्रीने आम्हांला थांबविले. त्याने फडताळातून बोटाच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे एक तुटके कडे काढून आमच्या तळहातावर ठेवले. "गुरुजी, हे केबलच्या टोकाला असते. हे तुटले म्हणजे दांडा 'पी'वर दिसतो आणि गाडी असते 'डी'मध्ये. दांडा पण खोटं बोलतो." त्याचे म्हणणे पडताळून पाहिले. २०२२च्या जूनमध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या नेमक्या याच कड्यापायी परत बोलाविल्या होत्या. आमचा निकाल आम्ही पुन्हा खिशात घातला.

आता त्या नव्या, चकतीच्या गाडीविषयी. भारतात २०१४च्या फेब्रुवारीत मारुतीने सेलेरिओ गाडीत एक निराळी युक्ती आणली आणि स्वस्त गाड्यांत ऑटोमॅटिकचे युग सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही. पेटी नेहमीचीच, हाताने गिअर टाकण्याची, क्लचही नेहमीचाच. फक्त पायाचे व हाताचे काम यांत्रिक हातांवर सोपविले आणि त्यांना संगणकाचा हुकूम मानावयास लावले. याला ए.एम.टी. म्हणतात. किंमत थोडी, तेलाचा खर्च थोडा. ज्याचा केवळ डावा पाय अधू आहे अशा हजारो माणसांना ही गाडी वरदान ठरली, कारण क्लचचे पेडलच उरले नाही. त्यापूर्वी अशा माणसाला साध्या गाडीच्या क्लचला दांडा जोडून घ्यावा लागे, आणि स्टिअरिंग, गिअर, क्लच यांची कसरत दोन हातांनी करावी लागे. तशी गाडी चालविणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या कौशल्यापुढे सर्कशीतला माणूस काहीच नव्हे.

परंतु ए.एम.टी.त चालकाचा दांडा अथवा चकती ही नुसती कळ असते, आणि बहुतेक अशा गाड्यांत 'पी' नसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करावी व हँडब्रेक ओढावा लागतो. शिवाय चढावर ब्रेक सोडल्यापासून यांत्रिक हाताने क्लच धरेपर्यंतच्या क्षणात गाडी मागे सरकू शकते. धडधाकट माणूस उजवा पाय चटकन ॲक्सिलरेटरवर नेऊन हे सांभाळतो. काही गाड्यांत चढावर ब्रेक क्षणभर आपोआप धरून ठेवण्याची सोय असते. विद्यार्थ्याने पाहिलेल्या गाडीत ती नव्हती. उलट जुन्या दांड्याच्या गाडीत इंजिन व पेटी यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन चालू असले की तो चाकांना सतत हलका रेटा देत राहतो, त्यामुळे साधारण चढावर ब्रेक सुटला तरी गाडी लगेच मागे जात नाही.

एवढे झाल्यावर आम्ही विद्यार्थ्याला बोलावले आणि अंगणात खुर्चीवर बसवून त्याच्याकडून एक नाटक करवून घेतले. हाताने चालवायच्या गाडीत उजवा हात स्टिअरिंगच्या गोट्यावर. डाव्या हाताशी एक दांडा: पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की ॲक्सिलरेटर. त्याच डाव्या बाजूस गिअर. त्याच बाजूस हँडब्रेक. एका डाव्या हाताकडे तीन कामे! आम्ही झाडू व छत्री यांचे दांडे केले व म्हटले, "समज, घाटात पुढे ट्रक थांबला. तू ब्रेक दाबून धरला आहेस. आता मागे घ्यायची आहे. कर." त्याने ब्रेक सोडला, गिअरकडे हात नेला, आणि क्षणभर आमच्या अंगणातील ती खुर्ची मनोमन दरीकडे सरकली. तो आमच्याकडे पाहू लागला. आमच्या सौभाग्यवती ओसरीवरून म्हणाल्या, "ब्रेकला कडी लावून घे ना, दाराला लावतात तशी." अशी कडी खरोखरीच मिळते, हे आम्हांला मागाहून कळले.

नंतर त्याने डोळे मिटून छत्रीचा दांडा चाचपला व म्हणाला, "सर, मला खाली न बघता कळलं पाहिजे. रात्री घाटात मी दिवा वाचत बसणार नाही." चकतीही फिरवली तेथे राहते, हे आम्ही निदर्शनास आणले. त्याने मान हलविली. पण चकतीवर हात ठेवून तिचा रोख कळत नाही, ती सगळीकडून सारखीच लागते, असे तो म्हणाला. आम्ही पुस्तकांतून महिनाभर जे शोधीत होतो ते त्याला छत्रीच्या मुठीत अर्ध्या मिनिटात सापडले.

त्याने दांड्याची जुनी गाडी घेतली. घेण्यापूर्वी गोंदियाच्या मिस्त्रीकडून केबलच्या टोकाचे ते कडे बदलून घेतले, आणि हँडब्रेकची तार नवी टाकली. दांडा खोटे बोललाच तर दुसरा साक्षीदार असावा म्हणून.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीने बनविलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मालकाने मन मानेल तसा फेरफार करावयाचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावले. तथापि अपंगांसाठीचे फेरबदल नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेने करता येतात व ते नोंदणीपुस्तकात नमूद करून घ्यावे लागतात. दांडे मान्यताप्राप्त असावेत; रस्त्यावरच्या वेल्डरकडून सळई वाकवून घेऊ नये. १९८८च्या मूळ कायद्यात अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हटले होते. इंग्रजीत ज्या शब्दाने अपंग माणूस ओळखला जाई त्याच शब्दाने रद्द झालेला कागदही ओळखला जातो. २०१९च्या दुरुस्तीने तेथे 'ॲडाप्टेड व्हेइकल', म्हणजे अनुकूल करून घेतलेले वाहन, हा शब्द आणला. शब्दांवर आयुष्य काढलेल्या माणसाला या बदलाचे समाधान वाटणे साहजिक आहे. असो.

कागदपत्रे पुरी व्हायला थंडी उजाडली. एका रविवारी त्याने आम्हांला शेजारी बसविले आणि बैहरच्या रस्त्याला लागला. घाटात बांबूने भरलेला एक ट्रक समोर धापा टाकीत थांबला. त्याने दांडा पुढे ढकलून ब्रेक धरला, कडी लावली, आणि मोकळा झालेला हात गिअरवर ठेवून ट्रककडे पाहत राहिला. आमचे लक्ष दरीकडे होते, हे मान्य केले पाहिजे. ट्रक हलला, त्याने कडी काढली, गाडी जागची न सरकता वर चढू लागली.

बैहरला त्याच्या खोलीसमोर गाडी थांबली तेव्हा अंधारून आले होते. त्याने समोर पाहतच दांडा शेवटच्या खाचेत सारला, हँडब्रेक करकर वाजेपर्यंत ओढला, दांडा एकदा हलवून पाहिला, आणि मग मागच्या सीटवरच्या कुबड्या मागितल्या.